सहाचा घन

१

दर वर्षी संक्रांत झाली की मी आठवीच्या मुलींना घनसंख्या शिकवायला घेत असे. पारोळ्याला मुलींच्या शाळेत अकरा वर्षं हा क्रम कधी चुकला नाही. पाठांतराचा मला पहिल्यापासून तिटकारा. दोनाचा घन आठ, तिनाचा सत्तावीस, हे पोपटालाही शिकवता येतं. मुलींनी ते हातांनी रचावं, मोडावं आणि मग बोलावं, असा माझा हट्ट. त्यासाठी आमच्याकडे मातीचे गुटके, म्हणजे छोटे ठोकळे, होते आणि दर वर्षी त्यातले निम्मे फुटत.

१९८८ साली मी मुख्याध्यापक हिलाल सरांच्या मागे लागून लाकडी गुटके करवून घेतले. जीवराम मिस्तरीने कडुनिंबाचे, तीन-तीन इंचांचे गुटके करून आणले आणि खोलीतच जमिनीवर बसून मोजून दिले. पहिल्याला तो एक म्हणाला नाही. खळ्यावर धान्याचं पहिलं माप मोजतात तसा 'लाभ' म्हणाला, मग दोन, तीन. दोनशे पंचवीस झाले आणि गोणीत आणखी एक उरला. तो त्याने माझ्या हातात ठेवला.

"हा कशाला? मी दोनशे पंचवीस सांगितले होते."

"बाई, पुरा आकडा कोनले देवाना नही. एक वर ऱ्हास. मंग मोजनी बंद नही पडस."

"माझ्या गणितात वरकड चालत नाही, जीवरामभाऊ."

"गनितमा नका धरू. ऱ्हावू द्या."

परत न्यायला तो काही तयार होईना. आमच्या शिपाई भिकुबाईंनी त्या जादा गुटक्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि खोलीतल्या कोनाड्यात ठेवून दिला. एक वर देण्याची रीत आमच्याही घरी होती, तेव्हा मी फार ताणलं नाही. फक्त गणिताच्या खोलीत ती रीत नको, एवढं मनात म्हटलं.

२

ती खोली शाळेतली सगळ्यात मोठी. जुनं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली चुना लावलेल्या फळ्या, आणि त्या फळ्यांचा भार पेलणारे दोन सागवानी सर, म्हणजे तुळया, भिंतीपासून भिंतीपर्यंत. खाली शहाबादी फरशी. दुपारी बाजार समितीकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या शेजारून गेल्या की वरून चिमूटभर माती पडायची. कुणाला त्याचं काही वाटत नसे.

गुटके आल्यावरच्या पहिल्या शनिवारचा पाठ छान झाला. मुलींनी पाच घन रचले, एकापासून पाचापर्यंत. मग मोडायला लावले. एक गुटका कोपऱ्यात. दोनाचा घन मोडून त्या एकाच्या दोन बाजूंना काटकोनात पसरायचा. होतो तीन बाय तीनचा चौकोन. सत्तावीस मोडून त्याच्या दोन बाजूंना. होतो सहा बाय सहाचा. मग दहाचा. मग पंधराचा. दर वेळी नेमका चौकोन. एकही गुटका उरत नाही, एकही कमी पडत नाही. उंच उभे असलेले घन जमिनीवर सपाट होऊन एकमेकांत असे बसतात की फट सापडत नाही. अकरा वर्षांत मला त्याचा कंटाळा आला नाही, आणि ते पाहताना ज्या मुलीच्या तोंडाचा आ होत नाही तिची मला काळजी वाटते.

पाठाच्या शेवटी मी दोन प्रश्न विचारत असे. पहिला, "आता एकवीसचा चौकोन पाहिजे. सहाचा घन कोण आणणार?" मुली हसत. दोनशे सोळा गुटके आणायचे कुठून? मग मी म्हणत असे, मनातल्या मनात आणा, आणि तिथून खरं गणित सुरू होई.

त्या शनिवारी मी तो प्रश्न विचारला, मुली हसल्या, आणि हसू थांबल्यावर छतात कुठेतरी टक् असा आवाज झाला. खडू टेबलावर ठेवावा तेवढा. धाब्यावर कावळा बसला असेल असं मला वाटलं.

दुसरा प्रश्न शिस्तीचा. शेवटी गुटके मोजले की हटकून एखादा कुणाच्या तरी परकराखाली नाहीतर दप्तरात सापडायचा. मी दाराला पाठ लावून म्हणायची, "एक कमी आहे. कोणाकडे आहे?" आणि असेल ती उभी राही. पहिल्या वर्षी दोन-चार जणींच्या हातावर पट्टी बसली, तेव्हापासून पारोळ्यात कुठल्या मुलीने मला खोटं सांगितलेलं नाही. याचा मला गर्व होता.

"मनाजोडे शे, बाई." सुगंधा उभी राहिली. शेजारच्या खेड्यातून चालत येणारी, वर्गात सगळ्यात हुशार आणि अशा बाबतीत सगळ्यात बावळट. नसलेली चूकसुद्धा कबूल करील अशी. मी गुटका घेऊन चौकोनात बसवला आणि सोमवारी पुढे न्यायचं म्हणून चौकोन तसाच जमिनीवर राहू दिला. कुलूप भिकुबाईंनी माझ्यासमोर लावलं.

३

सोमवारी भिकुबाईंनी कुलूप काढलं आणि घंटा द्यायच्या आधी मला बोलावलं. जमिनीवर चौकोन नव्हता. पाचही घन पुन्हा ओळीने उभे होते. एक, आठ, सत्तावीस, चौसष्ट, एकशे पंचवीस. कडा इतक्या सरळ की माझ्याने कधी रचल्या गेल्या नव्हत्या.

ओळीत पुढे, सहाव्या जागी, सहा बाय सहाचा एक थर होता. त्याच्या एका कोपऱ्यात कोनाड्यातला कुंकू लावलेला गुटका. बाकीचे पस्तीस मी कधी पाहिले नव्हते. काळपट, जुनाट सागवान. माप तेच, तीन इंच.

"बाई, मी हात बी नही लावा," भिकुबाई म्हणाल्या. "शनवारे कुलूप लावं, आज उघाडं. किल्ली मना कंबरले."

मी खिडक्यांचे गज हलवून पाहिले. कुणीतरी थट्टा केली, असं ठरवलं. थट्टा करणाऱ्याला घन येतात ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट, असंही म्हणाले. भिकुबाई हसल्या नाहीत.

हिलाल सर मात्र खूश झाले. शनिवारी जळगावहून शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. "वा, प्रमिलाबाई! साहेबांसाठी ना? अजिबात हलवू नका. हीच खोली दाखवू." मी केलेलं नाही, असं मी सांगितलं. तो माझा विनय आहे असं त्यांना वाटलं.

मंगळवारी दुसरा थर होता.

मी चिडले. घाबरले नव्हते, खरंच सांगते. आपल्या टेबलावर कुणी न विचारता बसावं तसा राग आला. भिकुबाईंना गोणी धरायला लावली, सागवानाचे एकाहत्तर गुटके मोजून भरले आणि शाळेमागच्या आडात रिकामे केले. कुंकवाचा तेवढा भिकुबाईंनी टाकू दिला नाही. "शकुनना शे, बाई," म्हणून त्यांनी तो पुन्हा कोनाड्यात ठेवला.

बुधवारी तीन थर होते. खालचे दोन ओले. त्यांच्या अंगाचं पाणी फरशीच्या सांध्यांतून वाहत दारापर्यंत आलं होतं, आणि आडातल्या शेवाळाचा वास खोलीत भरला होता. वरचा थर कोरडा होता. कुंकवाचा गुटका खाली, आपल्या कोपऱ्यात.

४

त्या दिवशी गणित मांडायला मला फार वेळ लागला नाही. एका थरात छत्तीस. सहाचा घन म्हणजे सहा थर. सोमवारी पहिला, तर शनिवारी सहावा.

गुटके कुठून येतात हे कळायला मात्र दुपार उजाडावी लागली. मी फळ्याकडे वळून लिहीत होते. मागे वळले तर पुढच्या दोन बाकांवरच्या मुलींच्या तेल लावलेल्या केसांवर पिवळसर भुसा पडला होता. त्या वह्यांवरून तो फुंकून टाकत होत्या. मी वर पाहिलं. सर जागच्या जागी, चुना जागच्या जागी, कुठे चीर नाही, भोक नाही. तरी आणखी थोडा भुसा आला आणि माझ्या चष्म्यावर बसला.

गुरुवारी सकाळी, चौथा थर पाहून झाल्यावर, मी जीवरामला बोलावलं. त्याने टेबलावर स्टूल ठेवलं, वर चढला आणि वाकसाच्या दांड्याने सर ठोकला. ढोलकीवर थाप पडावी तसा आवाज आला. तो थांबला. मग पटाशी लावून एकच ठोका दिला, आणि पटाशी मुठीपर्यंत आत गेली.

जीवरामने त्या भोकात बोट घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"वाळवी?" मी विचारलं. वाळवी असावी असं मला फार वाटत होतं.

"वाळवी नही, बाई. वाळवी वाकडीतिकडी खास. हाई मझार, आतमा, काटकोनमा शे. मी बी इतलं सरळ नही कापू शकस." तो खाली उतरला, थरातला एक सागवानी गुटका उचलून त्याने हुंगला आणि सरळ वर बघितलं. "यानंच लाकूड शे. दोन्ही सरसनं. बाहेरनं फक्त साल ऱ्हायनं."

मुलींच्या बाकावर बसून त्याने पाणी मागितलं.

"मी एक वर दिधा. मोजनी सुरू ऱ्हावाले दिधा. मनी चूक शे, बाई."

"तुम्ही फक्त एक दिलात. बाकीचे मी मागितले," मी म्हटलं. "भर वर्गात. अकरा वर्षं मागते आहे."

त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. जाताना दारातून एवढंच म्हणाला, "हाऊ ढीग पुरा व्हई, तवय छत खाले येई. पोरीसले आठे, ह्या खोलीमा, बसाडू नका."

मग मी माझ्या डोळ्यांसमोर रोज घडणारं गणित पहिल्यांदा नीट पाहिलं. उंच उभं असलेलं काहीही मोडायचं आणि जमिनीवर सपाट पसरायचं, फट न ठेवता. खोलीसुद्धा उंच उभी होती. तिच्यात चव्वेचाळीस मुली बसत होत्या.

५

शुक्रवारी मी हिलाल सरांकडे गेले. गुटके कसे येतात ते सांगितलं नाही, छताचे सर पोकळ झाले आहेत एवढंच सांगितलं. माणूस वाईट नव्हता. स्वतः येऊन वर बघून गेला. वर चुना शाबूत.

"वाळवी असेल. मे महिन्यात बघू. उद्या साहेब येताहेत, दुसरी खोली कुठून आणू? मुली याच खोलीत बसतील, बाई."

"बसणार नाहीत."

"हा हुकूम आहे असं समजा."

"समजले," मी म्हटलं आणि बाहेर पडले. काय समजले ते सांगितलं नाही.

मधल्या सुटीत मी एकटीच खोलीत गेले. ऊन खिडकीतून ढिगाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. पाच थर. एकशे ऐंशी. मला एवढं कळत होतं की टाकलेलं परत येतं. पण टाकलंच नाही तर? हातात धरून ठेवलं तर? दोनशे पंधरा गुटक्यांचा घन होत नाही. जगातल्या कुठल्याच गणितात होत नाही. आणि ढिगात एकच गुटका असा होता की जो इथला नव्हता, माणसाने माणसाला हातोहात दिलेला होता.

मी गुडघ्यांवर बसले आणि तळाच्या कोपऱ्यातला तो कुंकवाचा गुटका ओढला. ढीग हलला नाही. गुटका निघाला, जरा थंडगार. त्याच्या जागी तीन इंचांचं चौकोनी भोक राहिलं, आणि त्या भोकाच्या आत मागचे सागवानी गुटके दिसायला हवे होते.

उजेड दिसला.

मी वाकले. आत फरशी होती, फार लांबवर गेलेली, भिंत कुठे दिसेना. फरशीवर गुटके पसरले होते, चौकोनामागे चौकोन. आणि त्यांच्यामध्ये एक बाई पाठमोरी वाकलेली, पदर खोचून, बोटाने मोजत होती. तिच्या पदराच्या काठाला खडू लागला होता. मी माझ्या पदराकडे पाहिलं. त्याच जागी, तेवढाच.

तिची मोजणी थांबली. ती सरळ व्हायला लागली, तेव्हा मी उठले आणि धावत बाहेर आले. तिचं तोंड मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं आजवर एकदाही वाटलेलं नाही.

गुटका मी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि घरी जेवताना, निजताना मुठीतून सोडला नाही.

६

शनिवारी सकाळची शाळा. मी साडेसहालाच जाऊन दारात उभी राहिले. आत सहावा थर चढला होता. बाहेरून दिसणाऱ्या कडा पुऱ्या, वरची बाजू पुरी. तळाच्या कोपऱ्यात तेवढं एक काळं भोक. खोलीत कसलाही आवाज नव्हता. गाड्यांचा, कावळ्यांचा, आवारातल्या पोरींचासुद्धा आवाज उंबऱ्याच्या आत येत नव्हता.

मुली आल्या तशा मी त्यांना पटांगणात चिंचेखाली बसवलं. आठ वाजता साहेब आले, त्यांच्यामागे हिलाल सर.

"बाई, मुली आत न्या."

"नेणार नाही."

"साहेबांसमोर तमाशा नको. लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देईन. नोकरी घ्यायची तर तीही घ्या. या खोलीत आज एक मुलगी पाय टाकणार नाही."

हिलाल सरांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, तेवढ्यात खोलीतून स्वच्छ, खणखणीत आवाज आला.

"एक कमी आहे. कोणाकडे आहे?"

माझा आवाज. तोच सूर, 'कोणाकडे'वर तोच जोर. साहेबांनी सहज विचारलं, "आत कोण बाई शिकवताहेत?" हिलाल सर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझं तोंड मिटलेलं होतं.

चव्वेचाळीस मुलींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या दाराकडे बघत होत्या. अकरा वर्षं मी तो आवाज ऐकायला शिकवलं होतं, आवाज कुणाच्या तोंडून येतो ते बघायला नव्हे. मी स्वतःसुद्धा, खोटं कशाला सांगू, एक पाऊल पुढे टाकलं. मुठीत गुटका होता आणि माझ्याकडे आहे असं सांगून टाकायला जीभ शिवशिवत होती.

"एक कमी आहे. कोणाकडे आहे?"

सुगंधा उठली. तिच्याकडे काहीही नव्हतं. तरी ती उठली, परकर झटकला आणि दाराकडे चालायला लागली. "मनाजोडे, बाई... मी देखस, बाई..." उंबऱ्यापासून चार हातांवर मी तिचा दंड धरला. तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि अनोळखी माणसाने धरावं तसा हात सोडवू लागली.

"सुगंधा, मी इथे आहे. मी विचारलेलं नाही."

ती ओढतच होती. मागे आणखी दहा-बारा जणी उभ्या राहिल्या. तेव्हा मला जे एकच येतं ते मी केलं. छातीभर श्वास घेऊन पटांगणभर ओरडले.

"एक ते सहाच्या घनांची बेरीज?"

मग मागून कुणीतरी, बारीक आवाजात, "चारशे एक्केचाळीस."

"मोठ्याने! वर्ग कशाचा?"

"एकवीसचा, बाई!" आता पंधरा-वीस आवाज.

आत तिसऱ्यांदा विचारलं गेलं. मी त्याच्यावर आवाज चढवला.

"एक कमी असला तर?"

"वर्ग होत नाही!"

"घन?"

"होत नाही!"

"किती जणींनी सांगितलं? मला ऐकू आलं नाही! एक कमी असला तर?"

"होत नाही! होत नाही! होत नाही, बाई!"

चव्वेचाळीस पोरी, मुठी आवळून, धुळ्याच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा ओरडत होत्या. साहेबांनी कागदांचं पाकीट छातीशी धरलं होतं. सुगंधाचा हात माझ्या हातात ढिला पडला आणि मग तिने माझंच मनगट घट्ट धरलं. तीही ओरडत होती, रडत रडत.

खोलीने श्वास सोडल्यासारखा आवाज केला. दोन्ही पोकळ सर मधोमध मोडले आणि धाबं खाली आलं.

७

धूळ बसायला अर्धा तास लागला. कुणाला खरचटलंही नव्हतं. हिलाल सरांनी माझ्यापुढे हात जोडले. त्या माणसाला मी तेव्हाच माफ केलं. अहवालात वाळवी लिहिलं गेलं. त्याखाली मी सही केली नाही.

आधी आत मी आणि जीवराम गेलो. ढिगारा असायला हवा होता. छत पडलं की माती, फळ्या, तुळया यांचा डोंगर होतो, तो कुणी पाहिलेला नाही? तिथे डोंगर नव्हता. माती भिंतीपासून भिंतीपर्यंत सारवल्यासारखी सपाट होती, वीतभर जाड, कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. आणि तिच्यावर, मधोमध, धुळीचा कणही न लागलेले गुटके: कडुनिंबाचे आणि सागवानाचे, एकवीस ओळींत एकवीस. जीवरामने मोजायला घेतलं. या वेळी 'लाभ' म्हणाला नाही.

मोजायची गरज नव्हती. कोपऱ्यात एक जागा रिकामी दिसत होती, आणि माती तिथे आत दबलेली होती. ती जागा माझ्या पदरात होती.

८

पुढच्या वर्षी मी धुळ्याला बदली मागून घेतली. पळाले असं समजू नका. खोलीची जागा सपाट झाली होती, तिथे मला रचण्यासारखं काही उरलं नव्हतं. शिकवणं सोडलं नाही. गुटकेही वापरले, फक्त पहिला प्रश्न विचारणं बंद केलं.

दुसरा प्रश्न विचारणं मात्र चालू आहे. मी विचारत नाही, विचारला जातो. वर्षातून दोन-तीनदा, दुपारी, शेजारच्या खोलीतून. माझा आवाज आता घोगरा झालाय, दम लागतो. तो आवाज अठ्ठ्याऐंशी सालचाच आहे. "एक कमी आहे. कोणाकडे आहे?" मी स्वयंपाकघरातून उत्तर देते, "माझ्याकडे आहे. मिळणार नाही." खोटं बोलता येत नाही ना मला. मग चार-सहा महिने सगळं शांत असतं.

परवा सुगंधा आली होती. आता ती पिंपळनेरला गणित शिकवते. तिच्या हातांवर खडू होता, ते पाहून मला बरं वाटलं. डॉक्टरांनी माझ्या छातीबद्दल जे सांगितलं ते मी तिला सांगितलं, आणि पदरातली गाठ सोडून गुटका समोर ठेवला. कुंकू अजून गेलेलं नाही.

"बाई, माझ्याकडे द्या."

"तुला जमणार नाही. तू नसलेलंसुद्धा कबूल करणारी."

तेवढ्यात आतल्या खोलीतून, दोघींनाही स्वच्छ ऐकू येईल असं, विचारलं गेलं. धुळ्याला आल्यापासून पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या देखत. सुगंधा उभी राहिली, तशीच, परकर झटकायची तशी साडी झटकून. मी तिला धरायला हात पुढे केला, पण माझ्या अंगात उठायचं बळ नव्हतं.

तिने गुटका उचलून मुठीत घेतला, पदराआड धरला आणि आतल्या अंधाऱ्या दाराकडे तोंड करून, मी आयुष्यभर जिला खरं बोलायला शिकवलं ती माझी पोर, डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली,

"मनाजोडे नही शे, बाई."